वाचकांचे प्रश्न: पेट सिटिंगचा रास्त दर कसा ठरवावा?

मालक गावाला गेल्यावर त्यांच्या कुत्र्या-मांजरांची देखभाल करण्याचे काम, म्हणजेच पेट सिटिंग, अलीकडे अनेकांनी सुरू केले आहे आणि त्यांच्या पत्रांत पैशांचाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न: मी पुण्यात कोथरूडला राहते. नोकरी सोडल्यानंतर मी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या मांजरांना खाऊ घालणे, लिटर बॉक्स (मांजराची शी-शूची पेटी) साफ करणे आणि थोडा वेळ त्यांच्याशी खेळणे असे काम करते. सुरुवात मैत्रिणीच्या मांजरापासून झाली. तेव्हा एका फेरीचे १५० रुपये ठरले आणि तेच मी अजून घेते. आता बाणेरपर्यंत बोलावणी येतात, दिवसभर स्कूटरवर असते, पण महिनाअखेर हातात फारसे काही राहत नाही. दर वाढवला तर लोक दुसरीकडे जातील अशी भीती वाटते. शिवाय मुक्या जनावरासाठी पैसे मागताना संकोचही वाटतो. योग्य दर किती असावा?

उत्तर: सगळीकडे चालेल असा एकच आकडा सांगता येणार नाही, पण तो ज्या हिशेबातून निघतो तो हिशेब मांडता येतो, आणि मांडल्यावर आपली अडचण दरापेक्षा अंतरात अधिक आहे असे आपल्याला दिसेल.

बाणेरची एक फेरी घेऊ. मांजराजवळ आपण ४५ मिनिटे थांबता असे धरू. जायला २५ आणि यायला २५ मिनिटे लागतात. सोसायटीच्या गेटवर नोंद करणे, मालकांना फोटो पाठवणे, त्यांच्या शंकांना उत्तरे देणे यात आणखी १० मिनिटे जातात. म्हणजे एका फेरीला पावणेदोन तास लागले. जाऊन-येऊन १६ किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरमागे शंभर रुपयांच्या पुढे असताना ४५ किलोमीटरची सरासरी देणाऱ्या स्कूटरला किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपयांचे नुसते पेट्रोल लागते. त्यात सर्व्हिसिंग, टायर, विमा आणि गाडीची झीज मिळवली, तर किलोमीटरला ४ रुपये धरणे वाजवी आहे. तेव्हा १५० रुपयांतले ६४ रुपये रस्त्यावरच खर्च झाले आणि उरलेले ८६ रुपये पावणेदोन तासांच्या कामाचे, अर्थात तासाला सुमारे ४९ रुपये.

आता हेच काम कर्वेनगरात, घरापासून ३ किलोमीटरच्या आत आहे असे समजा. प्रवासाला जाऊन-येऊन २० मिनिटे आणि गाडीला २४ रुपये लागतील, आणि सगळे मिळून सव्वा तासात फेरी आटोपेल. दर १५० च ठेवला तरी तासाला १०० रुपये सुटतात. म्हणजे एका पैशाचीही दरवाढ न करता, केवळ अंतर कमी केल्याने कमाई दुप्पट होते. दर ३०० केला तर तीच कमाई तासाला २२० रुपये होते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की दरपत्रक तयार करण्याआधी आपली हद्द ठरवा. ३ किलोमीटरपर्यंत मूळ दर, ३ ते ६ किलोमीटरपर्यंत ठरावीक जादा आकार, आणि त्यापलीकडे सहसा काम न घेणे, अशी रचना बहुतेक एकट्याने काम करणाऱ्यांना मानवते. बाणेरच्या ग्राहकांना बाणेरमध्येच राहणाऱ्या एखाद्या सिटरचे नाव आपण सुचवलेत, तर उद्या कोथरूडची कामे आपल्याकडे पाठवणारे कोणी तरी तयार होईल.

हद्द ठरल्यावर वर्षाचा हिशेब मांडा. महिन्याचा हिशेब या व्यवसायात फसवा ठरतो, कारण गणपती, दिवाळी, मे महिना आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा या काळात लोकांना नाही म्हणावे लागते, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की फोन वाजत नाही. आपल्याला महिन्याला २५,००० रुपये घरी न्यायचे आहेत असे समजू. फोन, हातमोजे, जंतुनाशक, प्रथमोपचाराचे साहित्य, आजारपणात बुडणारे दिवस यांसाठी महिन्याला २,५०० रुपये बाजूला काढले, तर वर्षाला ३,३०,००० रुपये लागतात. ३०० रुपयांच्या दरातून गाडीखर्च वजा जाता फेरीमागे २७६ रुपये राहतात, तेव्हा वर्षाला सुमारे १,२०० फेऱ्या कराव्या लागतील. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण १० दिवस बाहेरगावी गेलेल्या एका कुटुंबाकडे दिवसातून दोन फेऱ्या केल्या तर त्या एकाच कामाच्या २० फेऱ्या होतात. म्हणजे वर्षभरात अशी ६० कामे. आपल्या परिसरात इतकी कामे मिळतील का, याचा अंदाज आपल्या जुन्या नोंदींवरून आपल्याला मला सांगता येईल त्यापेक्षा चांगला येईल. मिळणार नसतील, तर एक तर दर ३०० च्या वर न्यावा लागेल, किंवा हे उत्पन्न जोडधंद्याचे आहे हे मान्य करून सोबत दुसरे काही करावे लागेल. दोन्ही गोष्टींत कमीपणा नाही, मात्र कोणती निवडली हे स्वतःला स्पष्ट माहीत असले पाहिजे.

हिशेबातून आलेला आकडा मग बाजाराशी ताडून पाहावा. आपल्या भागातील पाच-सहा सिटर आणि प्राण्यांना मुक्कामाला ठेवणारी एक-दोन बोर्डिंग केंद्रे यांना उघडपणे विचारा. विचारताना नुसता दर विचारू नका, तर त्या दरात काय येते ते विचारा, कारण कुणाची फेरी २० मिनिटांची असते तर कुणाची तासाभराची, आणि दोघेही तिला फेरीच म्हणतात. आपला आकडा त्यांच्यापेक्षा थोडा वर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तो फार खाली असेल, तर हिशेबात काही तरी राहून गेले आहे असे समजावे.

संकोचाबद्दल थोडे मोकळेपणाने लिहितो. मांजरावर आपला जीव आहे म्हणून आपण हे काम चांगले करता, पण ग्राहक आपल्याला पैसे देतो ते आपण वेळ राखून ठेवता, त्याच्या घराची किल्ली सांभाळता आणि काही बिघडले तर तातडीने निर्णय घेता यासाठी. बोका लघवीसाठी वारंवार लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो आहे आणि काहीच होत नाही, हे लक्षात आले तर काही तासांत डॉक्टरकडे न्यावे लागते, कारण मूत्रमार्ग तुंबणे हे बोक्यांच्या जिवावर बेतू शकते. मांजराने दिवसभर काहीच खाल्ले नाही तर तेही दुर्लक्ष करण्यासारखे नसते, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर काही दिवसांतच गंभीर परिणाम होऊ शकतो. म्हणूनच पैसे वाचवण्यासाठी एक दिवसाआड फेरी मागणाऱ्या ग्राहकाला नम्रपणे नकार द्यावा. रोज किमान एक फेरी ही अट दरपत्रकातच लिहून टाकावी.

दरपत्रकात मूळ दर कशाचा आहे हे नेमके लिहावे: एक घर, एक मांजर, ४० ते ४५ मिनिटे, खाणे-पाणी, लिटरची सफाई, खेळ, आणि फोटोसह निरोप. पलंगाखाली दडून बसणारे मांजर असेल तर ते शोधून त्याचा फोटो काढण्यातच निम्मी फेरी जाते, आणि मालकांना मात्र फोटोशिवाय चैन पडत नाही, हे या कामातले सर्वांच्या अनुभवाचे दुखणे आहे. अशा मांजराची लपण्याची ठिकाणे पहिल्या भेटीतच लिहून घ्यावीत. दुसऱ्या मांजरासाठी दर दुप्पट करणे ग्राहकाला अन्यायाचे वाटेल आणि ते खरेही आहे, कारण प्रवास एकदाच होतो. जादा लागणाऱ्या १० मिनिटांचे ४०-५० रुपये पुरेसे आहेत. औषधाचे मात्र वेगळे आहे. गोळी खाण्यातून देता येत असेल तर फार आकार लावू नये. इन्शुलिनवर असलेल्या मांजराला साधारण १२ तासांच्या अंतराने दोनदा टोचावे लागते, त्यामुळे आपल्या दिवसाची दोन्ही टोके बांधली जातात आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात यांच्या आजूबाजूचे दुसरे काम घेता येत नाही. त्याचा आकार घेतलाच पाहिजे, आणि मालकाने किंवा डॉक्टरांनी आपल्यासमोर इंजेक्शन देऊन दाखवल्याशिवाय, तसेच मांजराने खाल्ले नाही तर काय करायचे हे डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय ते काम कितीही पैसे मिळाले तरी स्वीकारू नये.

जुन्या ग्राहकांच्या बाबतीत ज्या नोंदण्या आधीच स्वीकारल्या आहेत त्या जुन्या दरानेच पूर्ण कराव्यात. नवा दर कोणत्या तारखेपासून लागू होईल हे किमान महिनाभर आधी लेखी कळवावे, आणि त्या निरोपात दिलगिरी व्यक्त करू नये किंवा महागाईचे पुराणही लावू नये. १५० वरून एकदम ३०० वर जाणे जड वाटत असेल तर जुन्या ग्राहकांसाठी दोन टप्पे करावेत, पण दुसऱ्या टप्प्याची तारीखही पहिल्याच निरोपात द्यावी. नव्या ग्राहकांना पहिल्या दिवसापासून पूर्ण दर सांगावा. सुरुवातीला सवलत द्यावीशी वाटली तर बिलात आधी ३०० लिहून खाली ‘पहिल्या कामाची सवलत ५०’ असे वेगळे दाखवावे, म्हणजे ग्राहकाच्या मनात ३०० हाच आकडा राहतो. नवखेपणी ‘सध्या कमीच घेते’ असे म्हणून लावलेला दर नंतर हलता हलत नाही, हे आपण अनुभवत आहातच. काही ग्राहक जातील. बाणेरचे दोन ग्राहक गेले आणि जवळचा एक मिळाला तरी आपण फायद्यातच राहाल.

प्रश्न: ठाण्याला घोडबंदर रोडवर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मी आणि पती दोघेही घरून काम करतो, म्हणून कुत्र्यांना आमच्या घरी मुक्कामाला ठेवून घेण्याचे काम सुरू करत आहोत. दिवसाचा दर कसा मोजावा? एका गृहस्थांनी शनिवारी सकाळी सातला लॅब्राडोर सोडला आणि रविवारी रात्री दहाला नेला, आणि एकच रात्र झाली म्हणून एकाच दिवसाचे पैसे दिले. मालकाच्या घरी जाऊन राहायचे असेल तर दर वेगळा असावा का?

उत्तर: त्या गृहस्थांचा लॅब्राडोर आपल्याकडे ३९ तास होता. रात्री मोजण्याची पद्धत हॉटेलांत चालते, कारण तिथे येण्याची आणि जाण्याची वेळ ठरलेली असते. आपल्याकडे ती ठरलेली नसेल तर घड्याळ लावावे: कुत्रा सोडल्यापासून २४ तासांचा एक दिवस, वर तीन तासांची मोकळीक, त्यानंतर सात-आठ तासांपर्यंत अर्धा दिवस आणि त्यापुढे पूर्ण दिवस. या हिशेबाने त्यांच्याकडून दोन दिवसांचे पैसे येणे होते. झाले ते झाले. आता मागायला जाऊ नका, पण पुढच्या वेळी नोंदणीपूर्वी हा नियम त्यांना पाठवा. मालकांना ट्रॅफिकमुळे उशीर होणे घोडबंदर रोडवर काही नवे नाही, म्हणून मोकळीक तीन तासांपेक्षा कमी ठेवू नये असे मला वाटते.

मुक्कामाच्या दरात दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली म्हणजे एका वेळी किती कुत्री ठेवता येतील याची मर्यादा. दोन बेडरूमच्या घरात, एकमेकांना अनोळखी असलेली दोनपेक्षा जास्त कुत्री सांभाळणे मला धोक्याचे वाटते. याचा अर्थ आपले उत्पन्न दोन जागांपुरतेच आहे, आणि दर त्या मर्यादेवरच बसवायला हवा. चार-पाच कुत्री ठेवणाऱ्याशी स्वस्ताईची स्पर्धा करण्याचा मोह टाळावा. आपल्याकडे घरपण आणि लक्ष मिळते, आणि त्याचेच पैसे मागावेत. दुसरी गोष्ट म्हणजे झीज. सोफ्याचे कोपरे, चपला, दाराची चौकट आणि पावसाळ्यात दिवसातून चार वेळा पुसावी लागणारी फरशी, हे सगळे खर्चच आहेत. त्यासाठी दरातला छोटा वाटा वेगळा ठेवावा. मोठ्या नुकसानीची भरपाई कोण देणार हे आधी लिहून घ्यावे, आणि चपलेसारख्या किरकोळ गोष्टींवरून मालकाशी वाद घालू नये.

कुत्र्याचे खाणे मालकाने द्यावे. ते केवळ पैशांसाठी नाही, तर अचानक खाणे बदलले की पोट बिघडते म्हणून. रेबीज आणि इतर नेहमीच्या लसींच्या नोंदीचे पुस्तक पाहिल्याशिवाय कुत्रा घरात घेऊ नये, आणि एकापेक्षा जास्त कुत्री ठेवणार असाल तर केनेल कफच्या, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याच्या, लसीचीही विचारणा करावी. गोचीड प्रतिबंधक औषध शेवटचे कधी दिले तेही विचारावे, कारण एका कुत्र्याने आणलेल्या गोचिडी दुसऱ्याला लागल्या तर बिल आणि बोल दोन्ही आपल्या वाट्याला येतात. आपण दोघांनीही रेबीजची प्रतिबंधक लस डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच घेऊन ठेवावी. तो व्यवसायाचा खर्च आहे. तरीही कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, मग कुत्र्याचे लसीकरण झालेले असो वा नसो. हा उपचारखर्च मालकाने द्यायचा, असे कलम करारात असावे.

डॉक्टरचा खर्च आणि आपला दर यांची सरमिसळ कधीच करू नये. मालकाचा नेहमीचा डॉक्टर कोण, तो न भेटल्यास कोणाकडे न्यायचे, आणि फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंतचा उपचार आपण स्वतःच्या निर्णयाने सुरू करू शकता, हे तीन मुद्दे मालकाच्या सहीनिशी घ्यावेत आणि आठवडाभराच्या मुक्कामासाठी अनामत रक्कम घेऊन ठेवावी. उरलेली अनामत मुक्काम संपेल त्याच दिवशी परत करावी. पुढच्या वेळी ती मागणे त्यामुळे सोपे जाते.

मालकाच्या घरी जाऊन राहण्याचा दर आपल्या घरी ठेवण्यापेक्षा जास्तच असला पाहिजे. तिथे आपण एकाच ग्राहकाला बांधले जाता, दुसरा कुत्रा घेता येत नाही, स्वतःच्या घरापासून दूर राहावे लागते आणि परक्या घरातल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी येते. झाडांना पाणी घालणे, कामवाल्या मावशींना दार उघडणे, कुरिअर घेणे अशी कामे मालक हळूहळू जोडत जातात. त्यातली किरकोळ कामे आनंदाने करावीत, पण प्लंबर बोलावून त्याच्यासोबत दोन तास थांबायचे असेल तर ते वेगळे काम आहे.

जाता जाता सोसायटीबद्दल. रहिवाशांना पाळीव प्राणी ठेवण्यास सोसायटीने सरसकट बंदी करू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. परंतु राहत्या घरात पैसे घेऊन इतरांची कुत्री ठेवणे ही वेगळी बाब आहे, आणि सोसायटीने त्यावर आक्षेप घेतला तर या सूचनांचा आधार पुरेलच असे नाही. समितीला आधी कळवून लेखी संमती मिळवावी. दर ठरवण्याच्या आधीची ही पायरी आहे.

प्रश्न: मी नाशिकचा, आणि दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. दिवाळीत आम्ही पाच दिवस बाहेर जाणार आहोत. आमच्या कुत्र्यासाठी एरवी फेरीला ३५० रुपये घेणाऱ्या सिटरने दिवाळीसाठी ५०० सांगितले आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. आमच्याकडे दिवसातून दोनदा येणाऱ्या मावशींना महिन्याचा पगार विचारात घेतला तर एका वेळेचे याच्या निम्मेही पडत नाहीत. ही अडवणूक नाही का?

उत्तर: मावशींचा पगार रास्त आहे की नाही हा आपल्याला न आवडणारा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्यांचे काम वर्षभराचे आणि आसपासच्या अनेक घरांत वाटलेले असते. सिटरला आपण वर्षातून दोन-तीनदा बोलावता, आणि नेमके त्या दिवशी बोलावता ज्या दिवशी त्याच्याही घरी दिवाळी असते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी स्वतःच्या घरातून उठून तो आपल्या कुत्र्याकडे येणार आहे. शिवाय दिवाळीत काम अवघड असते. फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा पट्ट्यातून निसटून पळतो, म्हणून फेरफटका पहाटे आणि दुपारी आटोपावा लागतो, संध्याकाळी त्याला खिडक्या बंद करून घरात धीर देत बसावे लागते, आणि त्याच काळात ग्राहकांची गर्दी असते.

तरीही आपला प्रश्न अगदीच गैरलागू नाही. जादा दर न्याय्य ठरण्यासाठी तो आधी जाहीर झालेला हवा आणि सर्वांना सारखा हवा. दिवाळीचे दिवस कोणते धरले आहेत, वसुबारस ते भाऊबीज की फक्त मधले तीन, हे विचारा. नोंदणी झाल्यावर वाढवलेला दर किंवा आपली गाडी पाहून सांगितलेला दर मान्य करू नका. ३५० चे ५०० होणे मला जड वाटत नाही. दुप्पट सांगितले असते तर मी आपल्याला दुसरा सिटर शोधा म्हटले असते.

आगाऊ रकमेबाबत मी सिटरच्या बाजूचा आहे. दिवाळीच्या आठवड्यासाठी त्याने आपल्याला होकार दिला की तो इतरांना नकार देतो, आणि आपण आदल्या दिवशी बेत रद्द केला तर ते दिवस रिकामे जातात. मात्र परताव्याचा नियम लेखी मागून घ्या. आठवडाभर आधी रद्द केल्यास पूर्ण परतावा, नंतर अर्धा, आणि शेवटच्या दोन दिवसांत काही नाही, अशी रचना दोन्ही बाजूंना परवडते. सिटरच आयत्या वेळी आला नाही तर संपूर्ण रक्कम परत मिळेल, हेही त्यात असू द्या; हे कलम सिटर स्वतःहून क्वचितच लिहितात.

प्रश्न: मी कोल्हापुरात कॉलेजात शिकते. शेजारच्या काकूंच्या कुत्र्याला रोज सकाळी फिरवून आणते, त्यावरून इतर दोन घरांनी पैसे देऊन बोलावले. आता काकू म्हणतात, ‘आपल्यातच पैसे कसले?’ आणि महिन्याकाठी मनाला येईल ते हातावर ठेवतात. कधी ३००, कधी काहीच नाही. आई म्हणते, मागू नकोस. काय करू?

उत्तर: आईंचे बरोबर आहे असे धरूनही दोन मार्ग राहतात. काकूंचे काम पूर्णपणे मोफत करा आणि ते त्यांना सांगूनही टाका. मग वेळ आपल्या सोयीची, आणि परीक्षेच्या दिवसांत सुट्टी. किंवा इतर दोन घरांइतकाच दर सांगा. मधला ‘ओळखीचा भाव’ मात्र टाळा, कारण त्यात काकूंना उपकार केल्यासारखे वाटते आणि तुम्हाला तेच उलट बाजूने वाटते, आणि इतर दोन घरांना कळले तर त्यांनाही तोच भाव हवा असतो. सांगणे अवघड जात असेल तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तिन्ही घरांना एकच छापील दरपत्रक द्या. कागद बोलतो तेव्हा माणसाला फारसे बोलावे लागत नाही. महिनेवारी दर ठरवताना २६ दिवस धरा आणि रविवारी सुट्टी घ्या. मार्च ते मे या महिन्यांत उन्हाने रस्ता तापण्याआधी, म्हणजे सकाळी साडेसातच्या आत तिन्ही कुत्री फिरवून होतील का तेही पाहा. होत नसतील तर चौथे घर घेऊ नका. एकाच वेळी तीन कुत्री पट्ट्याला धरून नेण्याची युक्ती तर मुळीच नको. दोन कुत्र्यांची भांडणे लागली तर तिसरे सुटते.

प्रश्न: पिंपरीत राहतो, एका ॲपवरून कामे घेतो. ॲप २० टक्के कमिशन कापते. मला हातात ३०० हवे असतात म्हणून मी २० टक्के वाढवून ३६० लावतो, तरी कमी पडतात. तसेच, या उत्पन्नावर कर आणि जीएसटी लागतो का?

उत्तर: कमिशन आपण लावलेल्या पूर्ण दरावर कापले जाते. ३६० चे २० टक्के म्हणजे ७२ रुपये गेले आणि हातात २८८ आले. ३०० हातात यायला हवे असतील तर ३०० ला ०.८ ने भागावे, म्हणजे ३७५ लावावे लागतील. ॲपवर ३७५ आणि थेट येणाऱ्या ग्राहकाला ३०० असे दोन दर ठेवण्याआधी ॲपच्या अटी वाचा, कारण ॲपवर ओळख झालेल्या ग्राहकाशी थेट व्यवहार करण्यास त्या अटींत मनाई असू शकते. कमिशनच्या बदल्यात ॲप काय देते तेही तपासावे. नवे ग्राहक आणि पैशांची हमी मिळत असेल तर सुरुवातीच्या वर्षात २० टक्के फार नाहीत. नेहमीचेच ग्राहक ॲपमधून येत असतील तर मात्र ती निव्वळ गळती आहे.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नसते. पशुवैद्यकीय दवाखान्यातील उपचारांना जीएसटीची माफी आहे, ती पेट सिटिंगला लागू होते असे समजू नये. आपण केवळ उलाढाल कमी असल्याने त्यातून बाहेर राहता. नोंदणी नसताना बिलात जीएसटीच्या नावाने रक्कम लावणे बेकायदा आहे. उत्पन्न मात्र आपल्या इतर उत्पन्नात मिळवून दाखवलेच पाहिजे, मग ते यूपीआयने आलेले असो वा रोखीने. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो, पण उत्पन्न ४ लाखांच्या पुढे गेले की विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. प्रत्येक कामाची तारीख, अंतर, वेळ आणि मिळालेली रक्कम एका वहीत लिहीत जा. विवरणपत्राच्या वेळी ती वही उपयोगी पडेल, आणि ॲपवरून आलेले कोणते काम कमिशन देऊनही परवडले नाही हेही तीच सांगेल.